दुसरा उकार

लोकांची घरं हलवण्याचं काम मी चाळीस वर्षं केलं. सामान बांधायचं, गाडीत चढवायचं, नव्या दारात उतरवायचं. माणसं घर का सोडतात हे मी कधी विचारलं नाही, तीच सांगतात. पण दारात सांगतात ते कारण वेगळं आणि सामान चढल्यावर सांगतात ते वेगळं.

अक्षरओळख मला पंचावन्नाव्या वर्षी झाली. त्याआधी खोक्यांवर कोळशाने खुणा करायचो. लिहिता यायला लागल्यावर चिठ्ठ्या सुरू केल्या. न्यायच्या वस्तूला काही नाही. मागे ठेवायची असेल तिच्यावर ‘राहु दे’.

त्या घरात दोन जावा होत्या. दोघींचे नवरे कधीच गेलेले. थोरली दुसऱ्या शहरात मुलाकडे कायमची निघाली होती. धाकटी शाळेतून निवृत्त झालेली. मी दिवाणावर पहिली चिठ्ठी लावली आणि ती चष्मा सावरत आली.

“राहु? अहो, दुसरा उकार हवा. पहिला कुणी शिकवला?”

“शिकायलाच उशीर झाला, बाई. दुसऱ्यापर्यंत पोचलोच नाही.”

थोरली हसली. “मनावर घेऊ नका. माझ्या ह्यांनी मला लिहिलेल्या पत्रातही हिने लाल शाईने चुका काढल्या होत्या.”

“होत्या म्हणून काढल्या,” धाकटी म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागली.

दुपारपर्यंत थोरलीचं कपाट, पलंग, शिवणयंत्र असं सगळं गाडीत चढलं. गाडी चालवणारा माझा मेव्हणा दोर आवळत होता. थोरली खाली जिन्याच्या पायरीवर टेकली. “मुलगा सारखा बोलावतो, म्हणून चालले,” असं सकाळी तिने सांगितलं होतं. आता हळूच म्हणाली, “खरं सांगू? जाते म्हटल्यावर आठ दिवस वाट पाहिली. पण राहा म्हणून हिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.”

दोन जावांच्या मध्ये शहाण्याने पडू नये. तिची कपड्यांची बॅग तेवढी उरली होती, ती आणायला वर गेलो. बॅगेवर चिठ्ठी होती. ‘राहू दे.’

आधी वाटलं, आपणच चुकून लावली. मग उकार पाहिला. दुसरा होता. ठळक, वळणदार, फळ्यावर काढतात तसा.

बॅग खाली नेऊन थोरलीपुढे ठेवली. “ही चिठ्ठी माझी नाही.”

तिने वाचली. पुन्हा वाचली. मग जिन्याकडे तोंड करून ओरडली, “अगं, तोंडाला कुलूप लागलं होतं का? चिठ्ठ्या कसल्या चिकटवतेस!”

वरचा भांड्यांचा आवाज थांबला. धाकटी जिन्याच्या तोंडाशी आली. “तोंडाने म्हटलं असतं तर तुम्ही भांडायला उठला असता, जाऊबाई.”

“मग मी आता काय करतेय?”

“भांडा की. पण इथे राहून भांडा.”

थोरलीने बॅग जिन्याकडे सरकवली. मग तिने मुलाला फोन लावला. “येईन रे, येईन. पण चार दिवस, भेटायला.”

मेव्हण्याने कपाळावर हात मारला आणि दोर सोडायला घेतला. कपाट उतरवताना बरं होतं. पुन्हा जिना चढवताना आमचा जीव निघाला. धाकटी वरून बघत होती.

“उकार चुकला तर चुकला,” ती म्हणाली, “भिंतीचे कोपरे तरी सांभाळा.”