पाण्याच्या पाळीचं घड्याळ

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात बंडूजी आणि गुलाब हे दोघे भाऊ आष्टीतल्या माझ्या घड्याळाच्या दुकानात भांडतच शिरले. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असे नमुने. घड्याळ त्यांच्या बापाचं, खिशातलं, चावीचं, जुनं विलायती. बाप मरताना सांगून गेला होता की विहीर एक, संत्र्याच्या बागा दोन, तेव्हा वीज आली की दोघांनी पाळीनं सारखा वेळ पाणी घ्यायचं, तेही याच घड्याळावर. एकाची पाळी चालू असली की घड्याळ दुसऱ्याच्या हातात. मग वीज जाईपर्यंत उरेल ते पाणी आईच्या वांग्यांना. आजवर कधी उरलंच नव्हतं.

आता घड्याळ उधळलं होतं. दोघांच्याही पाळ्या लवकर संपत होत्या आणि बागेत फळं गळत होती. दुसरं घड्याळ का घेत नाही, असं मी विचारलं, तर ते कोणी निवडायचं यावरच जुंपली.

"यानंच काडी केली, काका," बंडूजी म्हणाला.

"अन् तू मोठा साधू लागून गेला!" गुलाब उसळला.

मी झाकण उघडलं. वेग कमीजास्त करायचा आतला बारीक काटा टाचणीनं रेटून पार टोकाला नेलेला. समोरच्याची पाळी लवकर सरावी म्हणून दोघांनीही रेटला असणार. त्यानं पाळीमागे चूळ भरण्याएवढं पाणी चोरता येतं, आणि तेवढ्यासाठी हे सख्खे भाऊ! पण खरा घोटाळा वेगळाच होता. केसाएवढ्या कमानीवर कोणीतरी जवसाचं तेल ओतलं होतं. तिची वेटोळी एकमेकांना चिकटली की घड्याळ असं पिसाटतं. तेल आपण टाकलं नाही, असं दोघांनी शपथेवर सांगितलं. ते मला पटलं, कारण तेवढी अक्कल दोघांतही नव्हती.

बाजाराच्या दिवशी त्यांची आई, देवकाबाई, वांग्यांची टोपली घेऊन आली.

"तेल म्याच टाकलं, भाऊ. बंडीच्या चाकाले टाकलं का ते जोरानं फिरते, म्हटलं हेबी फिरन. वांग्यावरच पोट हाय माह्यं. यंदा पहिल्यांदा वाफ्यात पाणी आलं."

मला त्या दोन बैलांचा संताप आला. बैल तरी बरे, एका जुवाखाली चालतात.

मी कमान धुतली, काटा जागेवर आणला, घड्याळ उभं, आडवं, पालथं ठेवून पाहिलं आणि बिनचूक केलं. मग तिघांना बोलावून म्हणालो, "चावीच्या घड्याळाला एकाच हाताची सवय लावावी लागते. हात बदलले की ते बिघडतं. बोला, कोणाजवळ ठेवता?"

हे अर्धंच खरं होतं. पण भावाकडे द्यायला दोघेही तयार होईनात.

"मायजवळ राहू द्या," शेवटी गुलाब म्हणाला. "तिले काय समजते त्यातलं?"

बंडूजीनंही मान डोलावली. दगडापेक्षा वीट मऊ!

दोघे फटफटीकडे गेल्यावर मी देवकाबाईला बजावलं, "आता यात तेल टाकू नका, बाई."

"आता कायले टाकू?" घड्याळ कनवटीला खोचत ती म्हणाली. "आता मी म्हणन तवा पाळी सरली."