उलटी धरलेली पाटी

संग्रहालयाच्या पायऱ्यांपासूनच रांग लागली होती. तिसऱ्या दालनातला दगड जिवंत आहे, हाताला कोमट लागतो, कान लावला की धडधडतो आणि पापणी टेकवली की गेलेली नजर परत येते, असं जो तो दुसऱ्याला पटवत होता. परत आलेली नजर मात्र रांगेतल्या कोणाचीच नव्हती. ती कायम शेजाऱ्याच्या मावसभावाची असायची.

ताई काठीने वाट काढत आत शिरली. पाय मोडल्याने महिनाभर घरी बसून आज ती कामावर परतली होती. ती पूर्ण आंधळी, आणि हे दालन तिचं. इथे काचेआड काही नाही, सगळं हाताळून बघायचं. न दिसणाऱ्यांच्या हाती वस्तू देऊन ती समजावून सांगणं हे तिचं काम. आज रांगेतले लोक त्यांनाच दारातून मागे ढकलत होते.

आत एक भरदार आवाज चालू होता. दगडाखालच्या ठिपक्यांना माणसाचा हात लागलेला नाही, ही दगडाची स्वतःची लिपी, आणि ती फक्त आपल्यालाच वाचता येते, असं तो सांगत होता. लोक त्याला ठिपकेबाबा म्हणत. तो ठिपक्यांवर बोट फिरवून घडाघडा वाचायचा, "औषधं टाका. औषध आलं की माझी शक्ती जाते."

ताईने दगडाला हात लावला आणि शिसारी येऊन मागे घेतला. तेल, घाम, शेकडो डोळ्यांची चिपडं. लोक एकमेकांचे आजार पापण्यांना फासून घरी नेत होते. पण बोटांना ओळख पटली. हे तर घरट्याच्या मातीत अर्धं पुरलेलं, भल्यामोठ्या पक्ष्याचं फायबरचं अंडं. खालची ठिपक्यांची ब्रेल पाटी तिनेच बसवली होती. डोळसांसाठीची पाटी छापखान्यातून अजून यायची होती.

तिने संग्रहालयाच्या प्रमुखांना गाठलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. इतकी माणसं इथे कधी फिरकली होती का, चार दिवस चालू द्या, असं ते हसत म्हणाले. त्या हसण्याची तिला बाबापेक्षा जास्त किळस आली.

ती दालनात परतली, तेवढ्यात रांगेतून ओळखीचा आवाज आला. "ताई, तूही आलीस?"

धाकटी बहीण. ताईची नजर ज्याने खाल्ली, तो काचबिंदू आता धाकटीच्या डोळ्यांत होता, आणि उरलेली नजर औषधाच्या थेंबांवर टिकून होती.

"थेंब घालतेस ना?"

"नऊ दिवस बंद केलेत. बाबांनी माझ्यादेखत वाचून दाखवलं, ताई. वाचलेलं खोटं कसं असेल?"

ताईने पाटी खोबणीतून काढली, पदराने पुसली आणि बाबाच्या हातात दिली. "तेल साचलं होतं, महाराज. आता नीट लागेल. वाचा."

बाबाने बोट फिरवलं. "औषधं टाका. औषध आलं की माझी शक्ती जाते."

"पाटी मी उलटी दिली होती, वरची कड खाली करून," ताई म्हणाली. तिने ती सुलट केली आणि सावकाश वाचली. "'हे अंडं आतून विजेने उबदार ठेवलं आहे. ठोके यंत्राचे आहेत. बटण उजवीकडे, खाली. कृपया हात धुऊन स्पर्श करा.'"

तिने बटण दाबलं. धडधड थांबली.

"दगड कोपला," बाबा पुटपुटला.

ताईने पुन्हा बटण दाबलं. धडधड सुरू झाली. "राग गेला वाटतं," ती म्हणाली. आधी एक जण हसला, मग सगळी रांग. हशा ओसरेपर्यंत बाबा पसार झाला होता.

धाकटी हसली नाही. तिने पर्समधून बाटली काढून ताईच्या हातात ठेवली. ताईने चाचपून तिचं कपाळ धरलं आणि थेंब घातले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. नऊ दिवसांत डाव्या डोळ्याच्या नजरेची एक कड गेली होती. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही.

ठिपके वाचता न येण्यात लाज कसली? पण वाचता येत नसेल, तर येणाऱ्याला विचारावं. त्या रांगेत हजार माणसं होती, आणि पाटी वाचू शकणाऱ्यांना त्यांनीच दाराबाहेर ढकललं होतं.