वाटेत बंद पडली तर?

आमच्या ह्यांना गाडी घ्यायची होती की गाडीवर प्रबंध लिहायचा होता, देव जाणे. तीही साधीसुधी नाही, विजेवरची, चांगली ऐटबाज. आयुष्यभर लोकांच्या इमारतींत लिफ्ट बसवल्या, आता धंदा विकला, पैसा हाताशी आहे, तर घ्या ना एकदाची! पण नाही, दोन गाड्यांत अडकले. पांढरी पटकन चार्ज होते, आत नुसता दिवाणखाना आहे, पण तिचा समोरचा स्क्रीन मधेच काळा होतो आणि ती वरचेवर वर्कशॉपमध्ये जाऊन बसते, असं लोक म्हणतात. निळीबद्दल कुणाची तक्रार नाही, पण चार्जिंगला लावली की वाट बघून माणूस म्हातारा होईल. रोज उठून पांढरी की निळी, निळी की पांढरी. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

मला गाडीशी काही घेणंदेणं नव्हतं. मला माझी नात बघायची होती. मुलगा डोंगरापलीकडच्या शहरात राहतो. नात दिवस भरायच्या आधीच झाली, नाजूक आहे, तिला प्रवास नको असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि इकडे बायपास झाल्यापासून हे गावाबाहेर पाऊल टाकेनात. आगगाडी नको, टॅक्सी नको, "आपली गाडी येऊ दे, मग जाऊ." मी एकटी जाते म्हटलं की चेहरा असा करायचे, की माझा पायच निघत नसे. पोरगी रांगायला लागली, तेही मी फोनवर बघितलं.

"वाटेत बंद पडली तर?" प्रत्येक बोलण्याचा शेवट हाच.

"पडली तर ढकलू!"

"अगं, दोन टनांची असते ती."

"मग तुम्ही आत बसा, मी ढकलते."

शेवटी मीच शोरूमला फोन लावला. तिथल्या सेल्सच्या ताई पांढरी घेऊन दारात हजर. हे चालवायला, मी शेजारी, ताई मागे. डोंगराच्या पायथ्याशी चार्जिंग स्टेशन आहे, तिथवर जाऊन यायचं ठरलं. गाडी झकास गेली, खोटं कशाला बोलू! पण तिथे वायर लावली, तर यंत्र ढिम्म. ताईंनी कार्ड लावलं, बटणं दाबली, फोन फिरवले. काही नाही.

हे बाजूच्या कठड्यावर जाऊन बसले. कपाळावर घाम.

"बघितलंस? हेच म्हणतोय मी कधीचा. वाटेत बंद पडलो तर?"

फटकारायला मी तोंड उघडलंच होतं. मग कानात शिरलं. पडली नाही, पडलो.

अगं बाई! इतके महिने हा माणूस गाडीबद्दल बोलतच नव्हता. आणि मी मेली ढकलायच्या गोष्टी करत होते. मी शेजारी जाऊन बसले.

"अहो, लिफ्ट घेताना लोक तुम्हाला विचारायचे ना, अडकली तर? काय सांगायचात?"

"सांगायचो, यंत्र आहे, कधीतरी अडकेलच. आतून घंटा वाजली की माणूस पोचला पाहिजे. तेवढं मी बघतो."

"मग? मी काय मेलेय?"

 हे हसले. "तू तर घंटा वाजायच्या आधीच ओरडत येशील."

"येईनच!"

तेवढ्यात ताई धावत आल्या. "सर, पलीकडचं यंत्र चालू आहे! गाडीत काही दोष नाही."

"गाडी छानच आहे हो," हे म्हणाले, "पण मला निळी द्या."

"सर, तिला चार्जिंगला फार वेळ लागतो."

"लागू दे. मलाही हल्ली लागतो."

निळी आली त्याच आठवड्यात आम्ही निघालो. पायथ्याशी ती सावकाश चार्ज झाली, तोवर आम्ही चहा प्यायलो, थोडं भांडलो, पाय मोकळे केले. निघताना हे माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. गाडी मला उत्तम येते, पण बरोबर असताना ह्यांनी स्टिअरिंग मला म्हणून कधी दिलं नव्हतं.

"ऊठ. घाट तू घे."

मी घेतला. दुसऱ्या वळणावर बघते तर ह्यांची मान कलंडलेली, तोंड उघडं. काळजात धस्स झालं. आणि मग घोरणं ऐकू आलं. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस रात्र रात्र छातीवर हात ठेवून जागा असायचा. हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच.

गाडीच्या स्पीकरवर मुलाचा फोन वाजला. "आई, बाबा ठीक आहेत ना?"

"हळू बोल रे," मी म्हटलं, "झोपलेत ते."