घरामागचा खड्डा

टेपाच्या वाडीने तहसील कचेरीला दोनदा नाही म्हटलं होतं, आणि दुसऱ्यांदा तर चांगलं तोंड सोडून म्हटलं होतं. मागे तालुक्यातल्या एका डोंगरावरून दरड आली, तेव्हापासून कचेरीतली माणसं डोंगराच्या पोटाशी वसलेली एकेक वाडी पाहत फिरत होती. माथेरानच्या उतारावरच्या या ठाकरांच्या वाडीसाठी त्यांनी खाली रस्त्याला लागून जागा काढली होती. येत्या पावसापुरत्या पत्र्याच्या खोल्या आणि पुढे पक्की घरं, असा बेत होता. पण वाडीचा म्होरक्या कमळ्या एकदा अडला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

"पत्र्याच्या खोलीत शेळ्या कुठं बांधू? डोक्यावर?" त्याने साहेबांना विचारलं. आणि मग आपणच तोड काढली. "आमची हर्षला माती शिकते हाय कालिजात. ती आमच्या डोंगराची माती तपासंल. ती म्हनली उतरा, तर उतरू. तुमी नका सांगू."

हर्षला म्हणजे कोंडीची मुलगी. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेली ती शिकतच राहिली, आणि आता मृदाशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंधाला तिने विषयच आपल्या डोंगराचा घेतला होता: इथली माती कोणत्या जातीची, किती खोल, पाण्याशी कशी वागणारी. कचेरीनेही लगेच मान डोलावली. सगळ्या वाडीच्या जिवाचा प्रश्न एका पोरीच्या गळ्यात घालून दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. असं मोकळं व्हायला माणसांना फार आवडतं.

हिवाळ्यात ती पहिला खड्डा घ्यायला आली तेव्हा जागा कोंडीने दाखवली. वाडीच्या कडेला एक सपाट तुकडा होता, गवताखाली काळसर, भुसभुशीत माती. कंबरभर खणलं तोच खाली कातळ लागला. हर्षलाने थराथराची माती पिशव्यांत भरली आणि प्रयोगशाळेत नेली. आकडे आले ते झकास. माती कसदार, ढेकळं पाण्यात टाकली तरी विरघळत नव्हती, आणि बूड तर कातळावर टेकलेलं. "आपली माती घट्ट हाय, आये," तिने फोनवर सांगितलं. ती रात्र वाडीने नाचून काढली. कोंडी तर आठवडाभर अशा तोऱ्यात होती की जणू तो डोंगर तिनेच जन्माला घातला होता.

एप्रिलमध्ये हर्षला प्रबंधाचं प्रकरण लिहायला बसली. एका बाजूला मातीचे आकडे, दुसऱ्या बाजूला पावसाचे. तिच्या मार्गदर्शक समिधा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की प्रयोगशाळा, पाऊस आणि उतार या तिघांची साक्ष जुळली पाहिजे. एकाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही. आणि इथे तर उभं भांडण होतं. माथेरानच्या डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. एवढं पाणी मातीतला चुना, पालाश सगळं धुऊन नेतं आणि मागे आंबट, निःसत्त्व माती ठेवतं. तिच्या पिशव्यांतली माती मात्र पालाशाने भरलेली होती आणि नावालाही आंबट नव्हती.

आधी तिने यंत्रावर संशय घेतला, मग रसायनांवर, मग स्वतःवर. शेवटी शिल्लक माती पुन्हा चाळली आणि चाळणीवर राहिलेले काळे कण बोटांनी चुरडून पाहिले. कोळसा होता.

तिला क्षणात कळलं. पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब तिने लहानपणी कितीदा पाहिला होता. वर्षानुवर्षं भाजलेली माती विटेसारखी पक्की होते, आणि राखेने कसदारही. तिने आईला फोन लावला.

"आये, तो तुकडा राबाचा होता?"

"व्हय की. तू व्हायच्या आदीपासून तिथं राब भाजायचे. मागनं सोडला." कोंडीच्या आवाजात कौतुकच होतं. "वाडीतली सगळ्यात चांगली माती हाय ती. कालिजात न्यायची म्हनलीस, मंग काय उकिरड्याची देऊ?"

हर्षलाला हसावं की रडावं कळेना. मुलगी बघायला पाहुणे यावेत आणि आईने तिला शेजारणीची साडी नेसवून पुढे करावं, तसं झालं होतं. आणि आपण जाणत्या, शिकलेल्या, त्या साडीचा पोत तपासून मुलगी पसंत केली! उतारावर अशी सपाट जागा पाहूनच शंका यायला हवी होती. ती स्वतःवर भयंकर चिडली.

सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, "प्रबंधाचं काय, सहा महिन्यांनी दिलास तरी चालेल."

"पाऊस थांबणार नाही, मॅडम," ती म्हणाली आणि कुदळ-फावडं घेऊन मे महिन्याच्या उन्हात वाडी चढली.

कुणी मदतीला आलं नाही. कमळ्याने दारातूनच ऐकवलं, "पास झालेला पेपर पुन्ना कोन लिवतं गं?" यावेळी जागा हर्षलाने स्वतः निवडली. दोन्ही बाजूंचा उतार जिथे येऊन मिळतो, डोंगराचं पाणी जिथे गोळा व्हावं, अशी घळ तिने नकाशावर आखली होती. ती आली नेमकी वाडीच्या मध्यात, त्यांच्याच घराच्या पाठीमागे.

"घराच्या पाठीत खड्डा खनतीस?" कोंडीने कपाळाला हात लावला. "साप निघंल, भिंत खचंल, लोक हसतील." हर्षला खणत राहिली. कोंडीने बोलणं टाकलं, पण दुपारी खड्ड्याच्या काठावर भाकरी नि चटणी ठेवायला विसरली नाही. घरात परत जाताना भांडं जरा आपटलं, एवढंच.

गुडघाभर झालं, कंबरभर झालं, कातळाचा पत्ता नाही. हाताला फोड आले, फुटले, तिने फडकं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी खांद्याएवढं खोल गेल्यावर माती बदलली. पिवळट, तेलकट, फावड्याला चिकटून बसणारी. त्याखाली गेरूसारखा लाल, बारीक थर लागला. तिथे पाय टेकला आणि तळव्याला गारवा लागला. बघता बघता बाजूने पाणी पाझरायला लागलं.

कोंडी भाकरी घेऊन आली ती काठावरच थबकली. "पानी!" ती ओरडली. "अगं चिमे, धाव, पानी लागलं!"

शेजारची चिमा हंडा घेऊनच आली. तिच्या मागून सगळ्या आल्या. मे महिना म्हणजे या बायांना खालच्या डोहापर्यंत उतरायचं आणि डोक्यावर पाणी घेऊन तासभर चढायचं. आणि इथे घराच्या पाठीशी, पदर न भिजवता पाणी! कमळ्या स्वतः खड्ड्यात उतरला, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, आणि तिथल्या तिथे नारळ मागवला. "पोरगी नाय, लक्षुमी हाय!" तो म्हणाला. कोंडीने एक घोट घेतला नि तिला रडूच कोसळलं. "तू पोटात व्हतीस तवा बी मी पानी वाह्यलंय गं," ती म्हणाली, आणि चिखलाने भरलेल्या लेकीचं तोंड पदराने पुसू लागली.

असं कौतुक हर्षलाच्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं. गप्प राहिली असती तर वाडीने तिला डोक्यावर घेतलं असतं. निदान आजचा दिवस तरी गप्प बसावं, असं तिला फार फार वाटलं. पण आभाळात ढग जमायला लागले होते, आणि उद्या हेच सांगणं आजच्यापेक्षा जड जाणार होतं.

"आये, हे पाणी मे महिन्यात इथं का आहे, सांगू?" ती म्हणाली. "हा लाल थर पाणी खाली जाऊ देत नाही. त्याच्यावर ही एवढी सैल माती आहे आणि तिच्यावर आपली घरं. आत्ता उन्हाळ्यात एवढं पाणी आहे. पावसाळ्यात डोंगराचं सगळं पाणी इथं येऊन तुंबतं. मग वरची माती ह्या थरावरून घसरते. आपल्याला उतरायला हवं. ह्याच पावसाच्या आधी."

नारळ फोडायला उचललेला कमळ्याचा हात तसाच राहिला. मग त्याचा पारा चढला. "आदी म्हनलीस घट्ट हाय. आता म्हनतीस घसरते. आमी काय येडे हाव? खरं कुठलं?"

"आत्ताचं खरं. पहिलं चुकलं. मी चुकले," हर्षला म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "ती राबाची माती होती, काका. डोंगराची नव्हती. ती आपण भाजून पक्की केलेली. सगळा डोंगर काय आपण भाजलेला नाही."

हर्षलाने आईचा हात धरून तिला खाली उतरवलं. "उभी राहा इथं."

कोंडीने लाल थरावर पाय ठेवला. भाताच्या बांधांवरून, शेवाळलेल्या दगडांवरून जन्मभर चालून तयार झालेला तो पाय. तो सर्रकन घसरला. हर्षलाने सावरलं म्हणून, नाहीतर कोंडी सपशेल आपटली असती. तिने दुसऱ्यांदा, नेट लावून पाय रोवला. दुसऱ्यांदाही घसरला. तिने वर घराच्या भिंतीकडे पाहिलं, मग खाली पायाकडे.

"आमी ह्याच्यावर झोपत व्हतो?" तिने विचारलं.

हर्षलाने होकाराची मान हलवली. कोंडी खड्ड्यातून वर चढली, कुणाकडे न बघता घरात गेली. हर्षलाला वाटलं, आई गेली ती गेली. एका दिवसात आपण तिला पाणी दिलं आणि घर काढून घेतलं, आता ती आपल्याशी या जन्मात बोलायची नाही. खड्ड्यात उभी राहून ती मुसमुसून रडली.

तेवढ्यात घराच्या मागल्या अंगाला शिडी टेकल्याचा आवाज आला. कोंडी पदर खोचून वर चढत होती. तिने पागोळीकडचं पहिलं कौल सोडवलं, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि खाली धरलं.

"रडत काय बसलीस? ये वर, धर हे. फोडू नको. पक्कं घर देतील तवा देतील, तवर माझी कौलं मला लागतील."

हर्षला डोळे पुसत वर आली आणि तिने कौल धरलं.

"अगं कोंडे, जरा इचार तर कर," कमळ्या म्हणाला.

"केला," कोंडी वरूनच म्हणाली. "पावसात भिजली म्हंजे लई जड व्हतात रं ही. आज उतरवून घेते. तुझी बी उतरव, खाली न्यायला अंगनात ढीग घाल."

चिमाने हंडा खाली ठेवला, पुढे आली आणि हर्षलाच्या हातातलं कौल आपल्या हातात घेतलं. कोंडीने तोवर दुसरं सोडवलं होतं.