फोटोपुरता कोट

मी एक जुना काळा कोट आहे, आणि मला पाठ नाही. म्हणजे आधी होती. एका शिंप्याने मला एका नवरदेवासाठी शिवलं. पण लग्न ठरल्याच्या आनंदात नवरदेव इतका जेवला, की मी त्याला होईना. शिंप्याने मला शेजारच्या फोटोवाल्याला देऊन टाकलं. त्याने मला मागून कॉलरपासून खालपर्यंत उभं कापलं आणि नाड्या लावल्या. तेव्हापासून मी कुणालाही होतो.

मित्रांनो, खूप लोक माझ्यात साहेब झाले. खाली हाफपँट असायची, पण ती फोटोत येत नाही. "कोट काय झकास बसलाय!" असं घरचे म्हणत. मग मला खुंटीवर फेकत. झटकायचं कुणाला सुचत नसे.

एकदा नळदुरुस्ती करणारे काका आले. बरोबर काकू होत्या. त्यांची मुलगी परदेशात होती आणि तिच्याकडे जायला दोघांना व्हिसा हवा होता. व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं. काकू दिव्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, माझ्या भावाकडे बघता ना, तसं बघा." काका हसले. बरेच फोटो वाया गेले.

मुलाखतीलाही काकूंनी मलाच मागून नेलं. "फोटोत कोट आणि समोर सदरा? त्यांना वाटेल, माणूसच बदलला." रांगेत काकू काकांच्या पाठीला चिकटून उभ्या राहिल्या, नाड्या दिसू नयेत म्हणून.

खिडकीपलीकडच्या बाईंनी काकांना विचारलं, "काय काम करता?"

"नळांचं," काकू म्हणाल्या.

"त्यांना बोलू द्या."

"ते बोलले असते, तर मी कशाला बोलले असते?"

निघताना काकू कुजबुजल्या, "पाठ दाखवू नका हं." म्हणून काका दारापर्यंत उलटे चालत गेले. वाटेत एका खुर्चीला धडकले आणि त्यांनी तिची माफीही मागितली.

व्हिसा नाकारला गेला. कारण लिहिलं होतं की हे परत येतील याची खात्री वाटत नाही. "उलटा चालणारा माणूस बघून कुणाला खात्री वाटेल?" असं म्हणत काकू स्टुडिओत पोट धरून हसल्या. पुन्हा अर्ज करायचं ठरलं.

त्याआधीच काकू आजारी पडल्या आणि गेल्या. मुलगी गरोदर होती, डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नाही. आईला तिने शेवटचं पाहिलं नाही. काका स्टुडिओत बसलेले असताना तिचा फोन आला. "बाबा, तुम्ही तरी या." काका "हं" म्हणाले. फोन ठेवल्यावर ते फोटोवाल्याला म्हणाले, "काढ फोटो."

फोटो पहिल्याच वेळी नीट आला. फोटोवाल्याने नेहमीसारखं "वा" न म्हणता अर्जाचा कागद पुढे केला.

"काका, 'पूर्वी व्हिसा नाकारला होता का?' असं विचारतात. तिथे 'नाही' लिहा."

"अरे, नाकारला त्यांनीच. त्यांना माहीत नसेल होय?"

काकांनी 'हो' लिहिलं.

मुलाखतीच्या सकाळी ते मला घालून पुन्हा स्टुडिओत आले. मागच्या नाड्या एकट्याला बांधता येत नाहीत, हे त्यांना घरी कळलं होतं. फोटोवाल्याने बांधल्या. जरा घट्टच बांधल्या.

खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी विचारलं, "मागच्या वेळेपेक्षा आता काय बदललं?"

काकांनी सवयीने मान मागे वळवली. मागे रांगेतला एक माणूस म्हणाला, "अहो, बोला की!" बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मागच्या वेळी माझी उत्तरं बायको देत होती," काका म्हणाले. "ती गेली. आता मलाच द्यावी लागतात."

मग काकाच पुढे म्हणाले, "मुलीला जवळ कुणी नाही. बाळंतपण होईपर्यंत राहीन. मग येईन. इथलं घर बायकोने मांडलंय. ते बंद ठेवून मी किती दिवस राहणार?"

बाईंनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि त्या म्हणाल्या, "व्हिसा मिळेल." काका पाठ करून सरळ चालू लागले.

"अहो, तुमचा कोट मागून उघडा आहे!" बाई म्हणाल्या.

"हो, फोटोपुरताच आहे तो."

काका आता मुलीकडे आहेत. नातीला आंघोळ कोणी घालायची, यावरून बापलेकींची भांडणं होतात म्हणे. फोनवर काका इतकं बोलतात, की फोटोवाल्याला गिऱ्हाइकं थांबवावी लागतात.

मित्रांनो, आम्हा कोटांना जरा झटकत जा, इतकंच आमचं मागणं आहे. आणि तुमच्या घरी कुणी आजोबा गप्प बसले असतील, तर त्यांच्या वतीने उत्तर द्यायची घाई करू नका. बंद पडलेला नळ सुरू होताना आधी नुसती हवा येते, खोकल्यासारखा आवाज होतो. नळ तसाच उघडा ठेवा. पाणी मागून येत असतं.