गाडी रात्री कुठे असते?

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला माणसांची किळस आली आहे. सगळ्यांची नाही. पण ज्यांची आली आहे त्यांची पुरेपूर आली आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड कागद, पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांड्या. अंगावर अख्खं राज्य पसरलेलं आणि डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत मोठं शहर गल्लीबोळांसकट काढलेलं. मला वाटलं होतं, एखाद्या शाळेत जाईन. मुलं माझ्यावर बोट फिरवून नदी कुठून निघते ते शोधतील. पण मी गेलो गाड्यांचा विमा उतरवून देणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात. त्याला सगळे दादा म्हणत.

दादानं पहिल्याच दिवशी मला रंगवलं. जिथे अपघात जास्त, चोऱ्या जास्त, गॅरेजवाले महाग, पाणी भरतं, तिथे लाल. जिथे यातलं थोडंथोडं, तिथे पिवळा. डोंगरातल्या शांत गावांना हिरवा. लाल रंगात विमा सगळ्यात महाग, हिरव्यात सगळ्यात स्वस्त. राज्य एक, कंपनी एक, गाडी एक, तरी रंग बदलला की हप्ता बदलायचा.

शहरातल्या एका रस्त्याच्या मधोमध तर लाल-पिवळ्याची हद्द गेली होती. तिथे समोरासमोर राहणाऱ्या दोन जावांची एकदा माझ्यासमोरच जुंपली. थोरली म्हणाली, "माझी गाडी काय हिच्या गाडीपेक्षा जास्त धडकते?"

"तुमची गाडी नाही हो, तुमची बाजू धडकते," धाकटी म्हणाली आणि पदरात तोंड लपवून हसली.

तेव्हा मीही हसलो होतो. खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे आधी बघायचा. "काय झकास नकाशा आहे!" म्हणायचा. मी फुगायचो.

पण दादाच्या सवयी! टाचण्या तो तोंडात धरायचा. चार-चार, पाच-पाच, ओठांत दाबून बोलायचा आणि मग तीच ओली टाचणी माझ्यात खुपसायचा. दुपारी जेवण झालं की त्याच टाचणीनं दात कोरायचा. मी स्वतः पाहिलं आहे. कोरून झालं की शर्टाला पुसायची आणि टोचायची एखाद्या निष्पाप गावात. माझ्या कागदाला अजून तो वास आहे.

प्रत्येक टाचणीला कागदाची एक चिंधी असे, तिच्यावर गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे. गाडी खरोखर जिथे उभी राहते तिथेच दादा टाचणी टोचायचा. याचं कारण प्रामाणिकपणा नव्हे. विमा संपत आला की तो स्वतः दारोदार जायचा, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटानं पळवलं असतं. म्हणून भिंतीवर खरा पत्ता. अर्जावर मात्र जो सोयीचा असेल तो. अख्ख्या ऑफिसात खरं बोलणारा मी एकटाच होतो, आणि मला तोंड नव्हतं.

मग एके दिवशी सिस्टर आली. घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी नर्स. कुणाचं ड्रेसिंग, कुणाला इंजेक्शन, कुणाला नुसतं कुशीवर वळवायचं. दिवसाला अकरा घरं, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यासाठी तिनं एक जुनी छोटी गाडी घेतली होती.

"गाडी रात्री कुठे असते?" दादानं विचारलं. विम्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

"माझ्या दारात. ओढ्याकाठच्या वस्तीत."

म्हणजे लाल. त्यातही गडद. आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला.

"भाऊबीऊ आहे का कुणी बाहेरगावी?" दादानं आवाज मऊ केला. होता. डोंगरातल्या एका गावात, हिरव्या रंगात. "मग झालं तर! गाडी भावाकडे असते असं लिहू. निम्म्यात काम."

"पण ती तर माझ्या दारात असते."

"असू दे की. कागदावर भावाकडे असू दे. बहिणीची गाडी भावाच्या दारात, यात कुणाला काय खटकणार आहे, ताई?"

तिनं अर्ज पुढ्यात ओढला. तिनं नको म्हणायला हवं होतं, मी काही तिला सोवळी ठरवत नाही. पण पुढे जे झालं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. तिनं विचारलं, "पाणी शिरून इंजिन बिघडलं तर त्याचं वेगळं संरक्षण मिळतं ना? ते मला हवंच आहे. आमच्याकडे पाणी भरतं."

"तुमच्याकडे भरतं, भावाकडे नाही ना!" दादा टाचण्यांआडून हसला. "डोंगरावर गाडी ठेवायची आणि पाण्याचं संरक्षण मागायचं? वरच्यांना लगेच संशय येईल. ते काढून टाकू."

आणि त्यानं त्या ओळीवर काट मारली. एका खोट्याला सांभाळायला तिच्या गरजेची एकुलती एक गोष्ट त्यानं खोडली. मग ओठांतली टाचणी काढून ओढ्याकाठच्या वस्तीत टोचली. तिच्या गाडीचे आकडे तिथे लोंबू लागले.

आठ महिन्यांनी एका रविवारी भर दुपारी टेकडीवरच्या टाकीची मोठी जलवाहिनी फुटली. ओढ्याकाठच्या वस्तीत कमरेइतकं पाणी आलं. सिस्टरची गाडी सीटच्या वरपर्यंत बुडाली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली तेव्हा तिच्या साडीच्या काठाला चिखल वाळलेला होता. दादानं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. नुसता पढवत बसला. "सर्व्हेअर येईल. सांगायचं, गाडी भावाकडेच असते, कालच्या दिवसापुरती इकडे आणली होती."

"मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "एकदा सही केली तेवढं पुरे झालं."

सर्व्हेअर म्हणजे कंपनीतर्फे नुकसान पाहायला येणारा माणूस. तो आला, चष्मा पुसला, अर्ज वाचला. सिस्टरनं सगळं खरं सांगितलं. दादानं लगेच काखा वर केल्या. "मला काय माहीत, साहेब? त्यांनी भावाचा पत्ता दिला, मी लिहिला. सही त्यांची आहे." चेहरा अगदी साळसूद.

सिस्टर उठली, माझ्यापाशी आली आणि ओढ्याकाठच्या वस्तीवर बोट ठेवलं. "हे आकडे माझ्या गाडीचे आहेत. ही टाचणी यांनी माझ्यासमोर टोचली, सही केली त्याच दिवशी."

सर्व्हेअर जवळ आला. मग त्यानं दुसरी टाचणी पाहिली, तिसरी पाहिली. फाइली मागवल्या. भिंतीवर एक पत्ता, अर्जात दुसरा. दादाचे ओठ टाचण्यांवर घट्ट मिटले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या भोकांचा अभिमान वाटला.

पण मित्रांनो, खरं उघड झालं म्हणजे सगळं भरून येतं असं नाही. कंपनीनं दादाची एजन्सी काढून घेतली. सिस्टर फसवली गेली हे मान्य केलं, लाल रंगाचा उरलेला हप्ता कापून घेतला आणि गाडीच्या पत्र्याचे, सीटचे पैसे दिले. इंजिनाचे नाहीत. ज्या ओळीवर काट मारली होती त्या ओळीचं कुणीच काही देणं लागत नव्हतं. सीट नवी झाली, आणि गाडी दारात उभीच राहिली.

ऑफिस रिकामं करताना दादानं मला जिन्याखाली फेकलं. पंधरा दिवस मी झाडू आणि रंगाच्या डब्यांमध्ये पडून होतो. पालींनी माझ्यावर काय काय केलं ते सांगत नाही. शेवटी सिस्टरनंच मला मागून नेलं. ओल्या फडक्यानं पुसलं, जुन्या टाचण्या काढून उकळत्या पाण्यात धुतल्या आणि कोपऱ्यातल्या शहरावर तिच्या आजाऱ्यांच्या घरी एकेक टोचली. अकरा. बसनं कुणाकुणाकडे पोचता येईल ते ती बघत होती.

पाच जणांकडे पोचता येत होतं. सहा टाचण्या तिनं काढल्या. सहावी काढायला तिला फार वेळ लागला. ती होती म्हाताऱ्या घड्याळजींची, शहराच्या पार टोकाला, जिथे बस जात नाही. त्यांच्या पायाला मधुमेहाची जखम होती आणि रोज ड्रेसिंग लागायचं. चार महिन्यांनी त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ते कळलं त्या दिवशी सिस्टरनं ती टाचणी परत त्याच भोकात टोचली आणि माझ्यासमोर बसून राहिली.

आणि गेल्या आठवड्यात, मित्रांनो, दादा आला. लाज नावाची चीज त्याच्याकडे नव्हतीच. आता एजन्सी बायकोच्या नावावर आहे म्हणे. "ताई, गाडीला इंजिन बसवताय असं कळलं. यावेळी अगदी खरा पत्ता टाकू, पाण्याचं संरक्षणसुद्धा देऊ. तुमच्यासाठी खास." बोलता बोलता त्याला मी दिसलो. जुन्या सवयीनं हात पुढे आला, शहराच्या टोकाची टाचणी त्यानं उपटली आणि ओठांत धरली.

"ती तोंडातून काढा," सिस्टर म्हणाली. "ती घड्याळजींची आहे."

दादाला काही कळलं नाही. त्यानं टाचणी शर्टाला पुसून पुढे केली. सिस्टरनं ती घेतली नाही. दार उघडलं आणि तो बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू, माझं वय झालं. पण गाडी रात्री कुठे असते असं कुणी विचारलं, तर असते तिथलंच सांगा. आणि सही करण्याआधी, समोरचा माणूस कोणत्या ओळीवर काट मारतो आहे ते नीट बघा. माझ्या कोपऱ्यात, शहराच्या टोकाला, आता नुसतं भोक आहे. सिस्टर रोज सकाळी बसला निघण्याआधी त्याच्यावर बोट ठेवते.