दोन नावांची ज्वारी

शनिवार, २८ नोव्हेंबर १९३१. सकाळी सात वाजता सोलापूरच्या गिरणीचाळीत मथुराबाईनं कोपऱ्यातलं मडकं पुढं ओढलं, तर ते गळ्यापर्यंत भरलेलं. खरं तर ज्वारीनं जेमतेम तळ झाकायला हवा होता.

चर्चमधल्या बायकांची दरसालची रीत होती. नोव्हेंबर लागला की दळायला बसण्याआधी रोज एक मूठ ज्वारी काढायची, प्रार्थना करून मडक्यात टाकायची आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ती गोरगरिबांसाठी अर्पण करायची. मथुराबाईनं एक दिवस चुकवला नव्हता, पण पहाटेच्या अंधारात टाकताना मडकं किती भरलं हे कधी पाहिलंही नव्हतं. मागणंही एकच, नवऱ्याचा खोकला थांबू दे. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं ईश्वरप्पाची छाती धरली होती.

तिला पवित्र शास्त्रातली सारफथची विधवा आठवली, जिच्या मडक्यातलं पीठ सरत नव्हतं. अंगावर काटा आला. तिनं शेजारच्या बाळाबाईला हाक मारून मडकं दाखवलं आणि तिथंच चुकली. आठाला चाळीभर झालं, नवाला चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत गेलं. निरोप आला, उद्या उपासनेत मथुराबाईनं पुढं उभं राहून या चमत्काराची साक्ष द्यावी.

लेकाच्या आजारपणासाठी अक्कलकोटाकडून आलेली तिची सासू नागव्वा चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिनं बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, कपाळावर विभूती तशीच होती.

"साक्ष कसली गं? मीच टाकते की रोज. तुझ्या मागनं, चांगली ओंजळभर."

"तुमी? कशापायी, आत्याबाई?"

"लेकासाठी. सिद्धरामाचं नाव घिऊन टाकते. तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या. दोगं मिळून काय करत्याल ते करू देत की."

"आवो, पर ही चर्चमदी द्यायची हाय!"

"मग? ज्वारीला कळतंय व्हय कुनाचं नाव घेतलं ते? उपाशी मानसाच्या पोटात जायची न्हवं?"

मथुराबाईनं मूठभर ज्वारी तळहातावर घेतली. निवडायची म्हटलं तरी कशी? दाण्याला दाणा सारखा. मडकं तसंच नेलं तर खोटी साक्ष, घरी ठेवलं तर महिनाभराची प्रार्थना कोपऱ्यात. त्यात गुरुवारपासून ईश्वरप्पाचा खोकला जरा उतरला होता. आभार कुणाचे? येशूचे, ती मनात लगेच म्हणाली. म्हणताना मात्र तिला सासूकडं बघवेना.

दुपारी तिनं पाळकसाहेबांचं घर गाठलं आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. ते उद्याचा उपदेश लिहीत होते. चमत्काराची ओळ त्यांनी शांतपणे खोडली.

"सांगितलंत ते बरं केलंत."

"मग मडकं आनू का नगं?"

"दुसऱ्या देवाच्या नावानं वाहिलेलं..."

"तसलं खाल्लं तर बिघडत न्हाय, असं शास्त्रात पौलानं लिव्हलंय की."

"खाण्याचं लिहिलंय, बाई. अर्पणाचं नाही." त्यांनी शास्त्राची चार पानं उलटली, ते परत मिटलं. "चर्चच्या पंचांना विचारावं लागेल. तुम्ही प्रार्थना करीत राहा."

प्रार्थना करायची तर काय मागून, या विचारातच ती घरी आली.

रविवारी साडेआठला ती मडकं घेऊन निघाली. मागोमाग नागव्वा.

"तुमी कुटं, आत्याबाई?"

"माझीबी ज्वारी हाय की त्यात. कुटं जातीया बगू दे."

चर्चच्या पायरीशी आल्यावर मात्र म्हातारी थांबली आणि तिथंच टेकली. मथुराबाईनं मडकं ओसरीवर ठेवलं आणि तीही सासूजवळ बसली. पाळकसाहेब आणि चार पंच बाजूच्या खोलीत गेले होते. ईश्वरप्पा आत बाकावर बसला होता आणि त्याचा खोकला अधूनमधून बाहेर ऐकू येत होता. बाळाबाईनं दारातून खुणावलं, "ये की आत, जागा धरलीया तुजी."

मथुराबाई उठली, दोन पायऱ्या चढली आणि पुन्हा खाली येऊन सासूजवळ बसली.

उपासना नऊची होती. सव्वानऊला बातमी आली ती एवढीच, की दोन पंच घ्या म्हणतात, दोन नको म्हणतात आणि पाळकसाहेबांनी अजून तोंड उघडलेलं नाही.